कोनफळाखालची तार

पहार ‘खच्’ करून कशात तरी घुसली, तेव्हा महाबळेश्वराला वाटलं, कोनफळ तुटलं. त्याचा जीव अर्धा झाला.

जोयड्याच्या कंदमेळ्याला तुटका कंद नेणं म्हणजे डोक्याला पट्टी बांधलेला नवरा मांडवात उभा करण्यासारखं. लोक हसत नाहीत, हळहळतात, आणि ते जास्त वाईट. म्हणून महाबळेश्वर खड्ड्याच्या काठावर पालथा पडला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि आंधळ्यासारखी माती चाचपली. कंद आख्खा होता. वरच्या सालीला ओरखडासुद्धा नव्हता. त्याने तिथल्या तिथे रामलिंगाला हात जोडले आणि मग पहार कशात घुसली ते बघितलं.

एक नारिंगी नळी. नळीत काळी केबल. केबलचे दोन तुकडे. तुटक्या तोंडातून केसासारखे रंगीत धागे बाहेर आलेले: निळा, केशरी, हिरवा, तपकिरी.

ही केबल नेटची, हे शेवाळी गावात न कळणारा माणूस नव्हता. ती सांभाळणारा वासू वेळीप रोज या रस्त्याने ओरडत जायचा. “हितं खणू नगा, हितं खुंटी ठोकू नगा, हितं म्हस बांधू नगा!” पण कोनफळाला हे कोण सांगणार? शेवाळीची जमीन सगळी जांभा दगड. त्यात कंद घुसतो तो वाकडातिकडा, गुडघे मोडून बसल्यासारखा. महाबळेश्वराच्या हॉटेलच्या मागून केबलचा चर खणला गेला, त्यात भुसभुशीत माती पडली, आणि एका रानवेलाने अख्खं रान सोडून नेमकी तीच जागा धरली. खाली कातळ लागल्यामुळे केबल तिथे फार खोल गेली नव्हती. वेलाचा कंद मात्र थेट केबलला टेकेपर्यंत सरळ खाली गेला होता. असा सरळ कंद महाबळेश्वराने जन्मात बघितला नव्हता. पावसाळ्यातच त्याने वेलाला गवताची गाठ मारून ठेवली होती. या भागात वेलाला गाठ दिसली की तो वेल गाठ मारणाऱ्याचा. मग बाकीच्यांनी येता-जाता नुसता उसासा टाकायचा.

महाबळेश्वराने कंद लेकरासारखा उचलून बाहेर काढला. रीतीप्रमाणे त्याचं वेलासकटचं डोकं कापून पुन्हा खड्ड्यात लावलं, म्हणजे पुढच्या वर्षी नवा कंद धरतो. मग माती लोटली, वर पालापाचोळा पसरला, हात धुतले आणि जाऊन हॉटेल उघडलं. रीत सगळी पाळली होती. केबलचं काय करायचं, ते कुठल्याच रीतीत नव्हतं.

चहाला आधण येतं न येतं तोच प्रियांका आली. वासूची मुलगी. केसांना तेल, नवा पंजाबी ड्रेस, हातात प्लास्टिकची फाईल.

“मामा, आशीर्वाद द्या. आज माझी मुलाखत.”

“कसली गं?”

“सांगितलं न्हवतं? गुराढोरांच्या औषधपाण्याचं शिक्षण. धारवाडकडची संस्था हाय. पंचायतीच्या खोलीत बसून पडद्यावर बोलायचं.”

महाबळेश्वराच्या हातातलं दूध चहाच्या भांड्याऐवजी विस्तवावर पडलं. समोर जोयड्याची जीप उभी होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. आत्ता तोंड उघडलं असतं, “पोरी, जीपनं जोयड्याला जा, हितलं नेट बंद हाय,” एवढं म्हटलं असतं तर सगळं सरळ झालं असतं. पण जीभ म्हणजे काही पहार नव्हे, की उचलली आणि घातली. “बेस बोल हं,” एवढंच तो म्हणाला. प्रियांका वाकून नमस्कार करून गेली. जीपही गेली. ती आता संध्याकाळीच परतणार होती.

वासू वेळीप हा मूळचा याच जीपवरचा क्लीनर.

फोन नसलेल्या काळात शेवाळी, तिच्या आजूबाजूच्या वाड्या आणि जोयडा यांच्यात जे काही दळणवळण होतं, त्याचं नाव वासू. जीपच्या मागच्या फळीवर एका पायावर उभा राहून तो निरोप घ्यायचा आणि चालत्या जीपमधून दारोदार फेकायचा. कागद नाही, पेन्सिल नाही, सगळं डोक्यात. उळवीच्या जत्रेच्या दिवसांत तर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतले निरोप त्याच्या डोक्यात एकावर एक बसून प्रवास करायचे, आणि योग्य माणूस दिसला की योग्य भाषेत उतरायचे.

दोष एकच. वासूने निरोप जसाच्या तसा कधी दिला नाही. त्याला त्यात आपली मीठमिरची घातल्याशिवाय चैन पडायची नाही. “म्हैस विकू नको म्हणावं” असा निरोप जोयड्याहून निघाला, तर वाडीत पोचेपर्यंत “म्हैस विकू नको, आन् बायकोवर हात टाकू नको, न्हाईतर मी येऊन बगतो” असा व्हायचा. ज्याला पोचायचा तो चपापायचा. एकदा एका भांडलेल्या भावाने “तुझं तोंड बघणार न्हाई” असं सांगून पाठवलं, ते वासूने “तुझी आठवण येती” असं पोचवलं. दोघे भाऊ पुढच्या सणाला एका पंगतीत बसले, आणि निरोप कुणी बदलला यावरून पुन्हा भांडले. पण बसले.

मग केबल घालणारी माणसं आली. वासू त्यांना कातळ कुठे, झरा कुठे, गवा पाणी प्यायला कुठून उतरतो हे दाखवत हिंडू लागला, दाखवता दाखवता त्यांच्यातलाच झाला. ठेकेदाराने त्याला बेळगावला शिकायला पाठवलं. परत आला तो हातात तार जोडायच्या यंत्राची पेटी आणि बोलण्यात वेगळाच तोरा घेऊन. ती पेटी घरात देवळीच्या शेजारी, घोंगडीत गुंडाळून ठेवलेली असायची. त्याची बायको केशर सगळ्या वाडीला सांगायची, “मला लग्नात एवढं जपून आणलं न्हवतं. मी बैलगाडीत मागं बसलेली, शेळीबरोबर.”

प्रियांका पंचायतीकडे गेल्यावर हॉटेलात रामनगरचे बाबुराव येऊन बसले होते. मिरी, काजू, जे मिळेल ते विकत घ्यायला आले होते आणि भजी खात होते. एवढ्यात प्रियांका धावत आली. तेल लावलेले केस विस्कटलेले.

“मामा, बाबा हिकडं आले का? पंचायतीतल्या डब्यावर तांबडा दिवा लागलाय! लाईन गेली!”

“ऑफिसला फोन कर की,” बाबुराव म्हणाले.

“फोनला रेंज कुठं हाय इथं, काका? टेकडीवर चढलं तर दोन दांड्या. त्यात बोलणं बी तुटतंय, तोंड कुठलं दिसायला. आन् पडद्यावर आलं न्हाई तर जागा पुढच्याला देत्यात.” तिने ओठ चावला. रडली नाही, पण फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरली, म्हशीच्या रेडकाला धरावं तशी.

महाबळेश्वर भज्याच्या पिठात हात घालून उभा राहिला. हात बाहेर काढायचं त्याला सुचेना.

थोड्या वेळाने वासू मोपेडवरून आला; तिच्याशी चुकामूक होऊन तो आधी पंचायतीत जाऊन आला होता. तो रस्त्याच्या कडेला बघत, स्वतःशी पुटपुटत येत होता. मोपेड बरोबर हॉटेलसमोर थांबली. गळ्यात एक पट्टा, पट्ट्याला छोटा पडदा असलेलं यंत्र.

“काय रं वासू, कुठं तुटलं?” महाबळेश्वराने विचारलं.

“हितंच.”

“हितं म्हंजे?”

“आपण पोरं असताना डोंगराकडं तोंड करून हाळी मारायचो न्हवं? हाळी कड्याला आपटून परत यायची. जवळचा कडा असंल तर बेगीन, लांबचा असंल तर उशिरा. तसंच हे यंत्र पंचायतीतनं तारेत उजेड सोडतंय. जिथं तार तुटली तिथं उजेड आपटून परत येतोय. किती वेळानं आला त्यावरनं कळतंय, कुठं आपटला.” वासूने मान वर केली. “तुझ्या मोरीपाशी आपटला.”

“साळिंदर असंल,” महाबळेश्वर घाईने म्हणाला. “लई झालीत औंदा. रात्री येत्यात, खणत्यात, वायरी कुरतडत्यात.”

वासू हॉटेलमागे गेला. सगळे त्याच्यामागून गेले. पालापाचोळा पायाने बाजूला सारत वासू म्हणाला, “हां, साळिंदरच.”

महाबळेश्वराला हायसं वाटलं.

“गुणाचं साळिंदर,” वासू पुढे म्हणाला. “खड्डा बुजवला. वर पाला पसरला. कंदाचं डोकं परत लावलं. आन् ही बग, वेलाला गवताची गाठ बी मारून गेलं.”

बाबुरावांनी हातातलं भजं हळूच तोंडात टाकलं.

“वासू,” महाबळेश्वर म्हणाला, “मारतोस तर मार. पण आधी पोरीचं बघ.”

“मारायला वेळ कुठाय? मोपेडवरनं जोयडा गाठायला गेलो तर अर्ध्या घाटात मुलाखत संपंल. पहार आण. आन् ह्या येळंला बघून मार.”

खड्डा पुन्हा उघडला गेला. पलीकडच्या खड्ड्यात वासूने केबलचं जादाचं वेटोळं ठेवलेलं होतं. ते ओढून त्याने दोन्ही तोंडं वर आणली. केशर घोंगडीतली पेटी डोक्यावर घेऊन आली. पेटी खाली ठेवताना तिने महाबळेश्वराकडे फक्त एकदा बघितलं. त्या बघण्यानंतर वासूच्या माराची गरजच उरली नाही.

महाबळेश्वर वाकून केबलच्या तुटक्या तोंडाला डोळा लावायला गेला. खांद्यावर वासूचा तडाखा बसला.

“डोळा घाल त्यात, डोळा! फुटंल.”

“उजेड दिसतोय का बघत होतो रं. काहीच दिसत न्हाई.”

“दिसायचाच न्हाई. ह्यातला उजेड आपल्या डोळ्याला दिसत न्हाई.”

“उजेड हाय, पण दिसत न्हाई?”

“तुझ्या अकलेसारखं. हाय म्हणत्यात लोकं.”

वाऱ्याची झुळूक आली आणि वासूच्या कपाळाला आठ्या पडल्या. काचेचा धागा केसापेक्षा फार जाड नसतो. त्यावर धुळीचा एक कण बसला तरी सांधा फसतो. इथे रस्त्याची लाल धूळ, जानेवारीचा वारा. “आत पायजे,” वासू म्हणाला. “बंद खोली पायजे.”

हॉटेल ही गावातली एकमेव जागा होती जिच्या टेबलापर्यंत केबलचं वेटोळं पोचलं असतं. वासूने दारातून आत बघितलं. आत चूल. चुलीचा धूर, कढईची वाफ, तेलाचा तवंग धरलेली हवा.

महाबळेश्वराची चूल दिवसाढवळ्या कधी विझलेली नव्हती. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही त्याने चुलत्याला तिथे बसवून चूल चालू ठेवली होती. त्याने बादली उचलली आणि पाणी ओतलं. चूल फुसफुसली, धूर निघाला. दोघांनी पोतं हलवून धूर बाहेर घालवला, दारं-खिडक्या लावल्या. बाबुराव आतच अडकले.

“भज्यांचं काय?” ते म्हणाले.

“सुम्म, गप बसा,” वासू म्हणाला. “पंख्यावानी हात हलवू नगा. शिंक आली तर नाक धरा.”

टेबल पुसून, वर धुतलेलं धोतर अंथरून काम सुरू झालं. वासूने निळ्या धाग्याचं रंगीत वेष्टण सोलून काढलं. आतली काच स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, तेव्हा ती किर्र वाजली. एका चिमट्यासारख्या यंत्राने टोक सपाट कापलं. कापलेला तुकडा दिसतो न दिसतो एवढा. तो त्याने मधाच्या रिकाम्या बाटलीत टाकला. “हे खाली पडलं की पायात घुसतंय आन् मग सापडत न्हाई.” तेव्हा महाबळेश्वराने आपोआप पाय वर घेतले आणि बाकावर मांडी घातली.

“वासू, एक इचारू? आतनं उजेड जातो म्हणतोस. मग तो कडेनं बाहेर का जात न्हाई? कंदिलाचा जातो, बॅटरीचा जातो.”

“काळी नदीच्या डोहात बुडी मारायचास ना? खाली जाऊन वर तिरकं बघितलंस कधी?”

“बघितलंय की.”

“आभाळ दिसायचं?”

महाबळेश्वर आठवू लागला. डोक्याच्या बरोबर वर आभाळ असायचं, पण जरा लांब तिरकं बघितलं की पाण्याची पाठ आरशासारखी चमकायची, आणि त्यात तळातले गोटे उलटे दिसायचे. “न्हाई. गोटं दिसायचं.”

“तेच. तिरका आलेला उजेड पाण्याच्या पाठीला आपटून परत खाली येतोय. ह्या काचंचं बी तसंच. आत एक काच, तिच्यावर दुसऱ्या जातीच्या काचंचा लेप. आतला उजेड कडेला आपटला की माघारी. परत पलीकडं आपटला, परत माघारी. असा आपटत आपटत जोयडा, तिथनं धारवाड.”

“आन् त्यात आपली प्रियांका कशी जाती?”

“माळ्यावर राखणीला बसायचो तेव्हा डुकरं आली की बॅटरी दोनदा दाखवायचो, गवा आला की तीनदा. तसंच. फकस्त हितं यंत्र एका चुटकीत कोट्यवधीदा उघडझाप करतंय. त्या उघडझापीतच तिचं तोंड, तिचा आवाज, सगळं. पलीकडचं यंत्र ते वाचतंय आन् पुन्ना जुळवतंय.”

“मधे कुणी बदललं तर?”

वासूचा हात थांबला. “कोण बदलतंय? उजेड काय क्लीनर हाय?”

बंद खोलीत केशर मोठ्याने हसली. वासू हसला नाही. त्याने दोन्ही टोकं यंत्रात मांडली, झाकण लावलं. छोट्या पडद्यावर ती दोन टोकं सागाच्या ओंडक्यांएवढी दिसू लागली. ओंडके एकमेकांकडे सरकले, आणि यंत्राने नकार दिला. टोक वाकडं कापलं गेलं होतं.

पुन्हा सोलणं, पुन्हा पुसणं, पुन्हा कापणं. पुन्हा नकार.

तेव्हा महाबळेश्वराने पहिल्यांदा वासूचे हात बघितले. चालत्या जीपच्या फळीवर एका पायावर उभं राहून विडी पेटवणारे हात. ते थरथरत होते.

“बाबा,” प्रियांका म्हणाली. ती इतका वेळ कोपऱ्यात तशीच उभी होती. “राहू दे. पुढच्या वर्षी देईन मी.”

“पुढल्या वर्षी काय, म्हशी थांबणार हायत आजारी पडायच्या?” वासू तिच्याकडे न बघता म्हणाला. “जा, तू पंचायतीत जाऊन खुर्चीवर बस. हिरवा दिवा लागला की बोल. हितं उभी राहून माझ्या हाताकडं बघू नगंस.”

ती गेली. दार उघडून मिटताना आलेल्या वाऱ्यासमोर बाबुराव आपण होऊन आडवे झाले, रुमाल पसरून. मिरीचा एवढा मोठा व्यापारी, पण त्या घटकेला तो नुसता एक पडदा होता.

महाबळेश्वराने हात धुऊन, पुसून दोन्ही तळहात टेबलावर, वासूच्या मनगटांखाली ठेवले. उशीसारखे. वासूने बघितलं, पण काही म्हणाला नाही. त्या हातांवर मनगटं टेकवून त्याने टोक कापलं.

यंत्राने होकार दिला. आत ठिणगी उडाली, पडद्यावर दोन ओंडक्यांच्या मध्ये एक लखलखीत क्षण आला आणि गेला. मग एकच ओंडका होता. सांधा कुठे होता, हे शोधूनही सापडेना.

“झालं?” महाबळेश्वराने विचारलं.

“एक झालं. ही पंचायतीची. बाकीचे मागनं. पळ, दिवा बग.”

महाबळेश्वर पळाला. पोट सुटलेला माणूस, सदऱ्यावर पीठ, वर चुलीची राख. पंचायतीच्या खिडकीशी तो पोचला तेव्हा डब्यावर हिरवा दिवा होता, आणि पडद्यावरच्या बाई प्रियांकाला कन्नडमध्ये विचारत होत्या, “जनावरांची भीती नाही वाटत?”

“वाटते,” प्रियांका कन्नडमध्येच म्हणाली. “त्यांनाही माझी वाटते. दोघांची भीती जाईपर्यंत मी गप्प उभी राहते. मग हात लावते.”

पडद्यावरच्या बाई काहीतरी लिहायला वाकल्या, आणि पडद्यावर नुसती भिंत उरली. महाबळेश्वराला वाटलं, लाईन पुन्हा गेली. तो खिडकीचे गज धरून उभा राहिला. मग बाई वर आल्या आणि हसल्या.

“वर्ग पुढच्या सोमवारी सुरू होतात. वसतिगृहात तुझ्यासाठी खोली ठेवू ना?”

महाबळेश्वराने गावभर पळत ही बातमी सांगितली, आणि वासूच्या कानावर मात्र सगळ्यांत शेवटी घातली, कारण वासूला नीट सांगता यावं म्हणून आधी तो इतरांवर रियाज करून घेत होता. वासू बाकीचे धागे जोडत बसला होता. त्याने मान हलवली आणि केशरी धागा केशरीला लावला.

संध्याकाळी सगळे सांधे डब्यात बंद झाले, केबल परत खाली गेली, वरून फरशी बसवली गेली. कंदाचं डोकं वासूने स्वतः उपटून महाबळेश्वराच्या हातात दिलं. ते आता मोरीच्या पल्याड, परड्यात लावायचं ठरलं. चूल पुन्हा पेटली. महाबळेश्वराने आत जाऊन ते कोनफळ आणलं. अख्खं, सरळ, मेळ्यात मांडलं तर तालुका बघत राहिला असता असं. मांडीवर घेऊन त्याने ते एकदा कुरवाळलं आणि कडकन मोडलं. एक तुकडा निखाऱ्यात, एक तुकडा, एक तुकडा. बाबुरावांना दुपारच्या भज्यांच्या बदल्यात सगळ्यांत मोठा.

भाजलेल्या कंदाला मीठ लावून सगळे खात होते. प्रियांका आणि केशर घरी काय काय बांधायचं याचा हिशेब बोलत पुढे निघाल्या. वासू चुलीपाशी एकटाच बसला होता, मधाच्या बाटलीतल्या काचेच्या तुकड्यांकडे बघत.

महाबळेश्वर त्याच्या शेजारी टेकला.

“वासू,” तो हळू आवाजात म्हणाला, “पोरगी धारवाडला गेली की घर खायला उठंल रं तुझं. तुला करमंल का?”

वासूने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

“मग तार कशाला जोडली?”